उरलेली चूक

तळघरातल्या आमच्या प्रयोगशाळेला खिडकी नाही.
ग्रोनिंगनमध्ये नोव्हेंबर लागला हे कळतं
नुरजानच्या मोज्यांवरून,
हीटरवर वाळत घातलेल्या.

पीएचडीचं तिसरं वर्ष. माझं काम असं:
माणसाला लोलकाचा चष्मा लावायचा,
जग अकरा अंश डावीकडे सरकवायचं
आणि म्हणायचं, समोरच्या ठिपक्याला बोट लावा.
बोट चुकतं. पुन्हा चुकतं. मग जरा कमी चुकतं.
विसाव्या खेपेला नेमकं बसतं.
मग चष्मा काढायचा.
जग जागेवर येतं आणि हात
उजवीकडेच जाऊन पडतो,
गेलेल्या चष्म्याचं मन राखत.

ह्या उरलेल्या चुकीवर माझं पोट चालतं.
चूक उरली, म्हणजे अंगवळणी पडलं.
प्रबंधात हेच वाक्य आहे,
जरा जड करून.

मंगळवारी वुब्बो डाइकेमा आले,
उत्तरेच्या एका खेड्यातले, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे.
वय एकाहत्तर. लहान मेंदू झिजत चाललेला.
हात लांब असेपर्यंत शांत,
कप ओठांशी येऊ लागला की थरथर सुरू.
"घर दिसलं की घोडं हुंदडतं, तसं," म्हणाले,
आणि सांडलेली कॉफी बाहीनेच पुसली.

साठ खेपा.
साठही वेळा बोट डावीकडे, तेवढंच डावीकडे.
चष्मा काढला. एकसष्टावी खेप:
बोट ठिपक्याभोवती, थरथरतं,
पण कुठल्याच बाजूचं नाही.
जणू मधला तास झालाच नव्हता.
मी टाइप केलं: उरलेली चूक, शून्य.

प्रोफेसर बूलेन्स आलेख बघून म्हणाले, सुरेख.
होताच सुरेख. आडवी सरळ रेघ,
आमच्या मुलखासारखी.

"बरोबर आलं ना?" डाइकेमांनी कोट चढवताना विचारलं.
बाही सापडत नव्हती. नुरजानने धरली.
मी म्हटलं, हो, बरोबर आलं.
दुसरं काय सांगणार?

मग ते कोट घालूनच पुन्हा बसले.
"आमच्या ऑर्गनची पट्टी दाबलीस तर
लगेच काही ऐकू येत नाही.
वारा चढतो, नळीत भरतो,
मग वरून, छताजवळून, सूर उतरतो.
ऐकत ऐकत वाजवलंस की बुडालीस.
हाताने पुढे निघायचं. कान येतो मागून."

हेच मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते:
मेंदू हुकूम सोडतो, आणि त्याची नक्कल
जुन्या कारकुनासारखी स्वतःपाशी ठेवतो.
काय होणार, ते आधीच लिहिलेलं.
म्हणून आपल्याला आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत,
म्हणून आरशात आपला डोळा हलताना
आपल्याला दिसत नाही कधीच.

ते लगेच हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशापाशी गेले.
ह्या डोळ्यातून त्या डोळ्यात, पुन्हा ह्या डोळ्यात.
"चोर लेकाचा," म्हणाले.

रविवारी मी गेले त्यांच्या गावी, सायकलीने,
वारा तोंडावर घेत.
ऑर्गनवर आता हिल्ये बसते, सतरा वर्षांची.
डाइकेमा तिची पानं उलटतात;
पानांच्या कोपऱ्यांना चिकटपट्ट्या.
लोक गेल्यावर त्यांनी मला बसवलं.
मी एक पट्टी दाबली.
काही नाही.
बोट उचललं, तेव्हा वर कुठेतरी
सूर नुकता जागा होत होता.
"लवकर उचललंस," ते म्हणाले. "पुन्हा."

किती वेळा पुन्हा, मोजलं नाही.
मोजायला कागदच नव्हता.
हिल्येने मधेच घड्याळ पाहिलं, दिवे मात्र चालू ठेवले.
डाइकेमांचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता,
दर खेपेला माझ्या थोडा आधी
एक बोट खाली येत होतं.

परतताना कालव्यापाशी
ब्रेक जरा आधीच दाबला गेला.
सायकल पुलाच्या बरीच अलीकडे उभी.
मागून येणारा एकजण
घंटी वाजवत, पुटपुटत
मला वळसा घालून गेला.